तळहातावरचा तिठा

लहान मुलाची बोटं उजेडाकडे धरून चक्रं किती, शंख किती हे मोजणारी आजी आपल्याकडे घरोघरी होती. 1823 साली ब्रेस्लाउ विद्यापीठात यान पुर्किनिये या चेक शरीरशास्त्रज्ञानं तेच केलं, फक्त लॅटिनमधून. बोटांच्या टोकांवरच्या नक्षीचे त्यानं नऊ प्रकार पाडले. भविष्य सांगितलं नाही, की चोर पकडायची कल्पना मांडली नाही. सोळा वर्षांनी याच माणसानं मेंढीच्या हृदयात जाळ्यासारखे पसरलेले तंतू टिपले. आज ते त्याच्याच नावानं ओळखले जातात. हात आणि हृदय दोन्ही त्याच्या टेबलावरून गेले, पण त्यांची सांगड त्यानं घातली नाही.

ती घातली गेली न्यू ऑर्लिन्सला. तुलेन विद्यापीठातल्या हॅरल्ड कमिन्स आणि चार्ल्स मिडलो यांनी 1926 मध्ये या अभ्यासाला नाव दिलं: डर्मॅटोग्लिफिक्स. ग्रीकमध्ये डर्मा म्हणजे कातडी, ग्लिफे म्हणजे कोरीव काम. इथे एक घोळ आधीच निस्तरायला हवा. ज्योतिषी जिला हृदयरेषा म्हणतो ती कातडीची घडी. कमिन्स बघत होता ते तिच्या आजूबाजूचे, शेतातल्या सऱ्यांसारखे बारीक कंगोरे.

ते येतात कुठून? गर्भाच्या बोटांवर आणि तळव्यावर आधी छोट्या गाद्या फुगतात, मग हळूहळू बसतात. त्याच सुमारास, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, कंगोरे उमटतात. गादी उंच आणि गोल असेल तर चक्र, सपाट असेल तर साधी कमान. एकदा बसलेली नक्षी मरेपर्यंत बदलत नाही. हृदयाची बांधणी याच्या थोडी आधी, आठव्या आठवड्यापर्यंत, बरीचशी उरकलेली असते. तेव्हा पोटात काही बिनसलं, किंवा मुळात गुणसूत्रांतच घोळ असला, तर त्याची खूण दोन्हीकडे राहू शकते.

तळव्यावर शाईचं पॅड फिरवून कागदावर ठसा घ्या. मनगटाच्या वर, मध्याजवळ, कंगोऱ्यांचे तीन प्रवाह जिथे भेटतात तो तिठा शोधा. असेच तिठे तर्जनीखाली आणि करंगळीखालीही असतात. खालच्या तिठ्यापासून त्या दोघांकडे रेघा ओढल्या की होणारा कोन बहुतेकांचा 45 अंशांच्या आसपास भरतो. डाऊन सिंड्रोम असलेल्यांत खालचा तिठा वर सरकलेला असतो आणि कोन पुष्कळ रुंदावतो. त्यांच्या तळव्यांचं वेगळेपण कमिन्सनं 1936 मध्येच नोंदवलं होतं. या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना जन्मतःच हृदयदोष असतो. मग 1961 मध्ये हेल, फिलिप्स आणि बर्च यांनी जन्मजात हृदयदोषाच्या रुग्णांचे तळवे तपासले. वर सरकलेला तिठा त्यांच्यातही जास्त वेळा सापडला.

इथवर गोष्ट पटते. पुढे ती प्रौढांच्या आजारांकडे वळली आणि पातळ झाली. हृदयविकाराचा झटका आलेल्यांच्या बोटांवर चक्रं जास्त आहेत का, हे सत्तरच्या दशकात हवाईत तपासलं गेलं. 1993 मध्ये इंग्लंडमधल्या प्रेस्टनच्या एका अभ्यासात, गॉडफ्रे आणि बार्कर यांना चक्रवाल्यांचा रक्तदाब सरासरीनं जास्त आढळला. पण सरासरी ही जमावाची असते. चक्रं असलेली धडधाकट माणसं गल्लोगल्ली भेटतात, आणि तिठ्याचा तो कोनही वयानुसार आणि बोटं किती फाकवली त्यानुसार बदलतो. त्यामुळे तळहाताचा फोटो घेऊन हृदयाचा धोका सांगतो म्हणणाऱ्याला पैसे देणं म्हणजे हात दाखवून अवलक्षणच.

छातीत कळ आली तर डॉक्टर ईसीजीच काढतात. त्या कागदावर उठणारा उंच सुळका हृदयाच्या खालच्या कप्प्यांत पसरणाऱ्या विजेचा असतो. ती वीज तिथे पोचवतात पुर्किनियेचेच तंतू.