हरलेल्या शर्यतीचे बेट

अर्धमॅरेथॉनच्या सरावाला पुलाउ उबीनला जायचे, ही कल्पना मुळात कोणाची यावर आमच्यात अजून एकमत नाही. पण आता ती सवयच झाली आहे. चांगी पॉइंटच्या धक्क्यावर पहाटे जमायचे, बारा माणसे झाली की बोट सुटते, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. मोटारी नावापुरत्या, चढउतार भरपूर, सावली दाट. पळणारे पळतात, मुले भाड्याच्या सायकली घेतात, उरलेली मंडळी चेक जावाच्या लाकडी मार्गावरून खेकडे बघत फिरतात. गेल्या वेळी सांगलीहून लेकीकडे आलेले एक आजोबा बरोबर होते. घामाने निथळत परतलेल्या जावयाला त्यांनी विचारले, "अहो, पण पळता आहात कुणाच्या मागे?"

उत्तर कोणालाच सुचले नाही. पण या बेटाचा आणि शर्यतीचा संबंध जुना आहे, तो सांगावा म्हणून हा लेख.

उबीनची मलायी दंतकथा अशी. एक बेडूक, एक डुक्कर आणि एक हत्ती यांनी सिंगापूरहून पोहत जोहोरचा किनारा गाठायची पैज लावली. जो पोहोचणार नाही तो दगड होईल, अशी अट. तिघेही हरले. बेडकाचे पुलाउ सेकुडू झाले. चेक जावाच्या किनाऱ्यावरून ते समोर दिसते. डुक्कर आणि हत्ती यांचे मिळून उबीन झाले, आणि दोघांच्या मधून जेलुतोंग नदी वाहू लागली. एवंच, हे बेट म्हणजे एका हरलेल्या शर्यतीचा दगड. दमट हवेत सोळाव्या-सतराव्या किलोमीटरला मांड्या आखडतात, तेव्हा हत्तीचे काय झाले असेल ते चांगले कळते.

दगडाची गोष्ट मात्र दंतकथा नाही. मलायीत 'जुबिन' म्हणजे फरशी, त्यावरून उबीन. जेमतेम १० चौरस किलोमीटरचे हे बेट ग्रॅनाइटचे आहे, आणि दीडशे वर्षे ते फोडून सिंगापूर बांधले गेले. १८५१ मध्ये पुरा झालेला हॉर्सबर्ग दीपगृह, १८५५ चा रॅफल्स दीपगृह, जोहोरला जोडणारा १९२४ सालचा कॉजवे, या सगळ्यांत उबीनचा दगड आहे. शेवटची खाण १९९९ मध्ये बंद झाली. आता त्या खाणींत पाणी साठून तळी झाली आहेत आणि आपण तिथे फोटो काढतो.

हा दगड फोडणाऱ्यांत चिनी पाथरवट होते, तसे हिंदुस्थानातून आणलेले कैदीही होते. इथे आपण जरा थांबायला हवे. आपल्याकडे काळे पाणी म्हटले की अंदमान डोळ्यांसमोर येते. पण अंदमानची कायमची वसाहत १८५८ ची. त्याच्या कितीतरी आधीपासून काळे पाणी म्हणजे पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर. १८२५ मध्ये बेंकुलेनहून कैद्यांची पहिली तुकडी इथे उतरली. पुढे बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतून कैदी येत राहिले. मुंबई इलाखा सिंधपासून धारवाडपर्यंत पसरलेला, तेव्हा त्यातले सगळे काही मराठी नव्हते. पण कोकण आणि देश दोन्ही त्याच इलाख्यात होते. आपण विमानाने, नोकरीचे पत्र खिशात घालून आलो. ही माणसे पायांत बेड्या घालून आली.

इथल्या तुरुंगाची तऱ्हा मोठी चमत्कारिक होती. चांगले वागणाऱ्या कैद्याला वरची श्रेणी मिळे आणि तोच इतरांवर पहारेकरी होई. काहींना शहरात मोकळे हिंडायची परवानगीही मिळे. या तुरुंगाचे अधिकारी मॅकनेअर यांनी १८९९ मध्ये त्यावर एक पुस्तकच लिहिले. रस्ते, पूल, देवळे, सरकारी वाडे या लोकांनी बांधले. सेरांगून रस्ता, जिथे आपण दर शनिवारी कढीपत्ता आणायला जातो, तोही त्यांच्याच हातचा. १८७३ मध्ये तुरुंग मोडला. ज्यांची शिक्षा बाकी होती ते अंदमानला गेले. सुटलेल्यांपैकी बरेच इथेच राहिले.

आता शर्यतीकडे. पूर्ण मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ठरले. सुरुवात विंडसरच्या राजवाड्यापासून, शेवट राजघराण्याच्या कक्षासमोर, म्हणून हा विचित्र आकडा. १९२१ मध्ये तोच नियम झाला. त्याचे निम्मे २१.०९७५. हे शेवटचे साडेसत्त्याण्णव मीटर राजेसाहेबांच्या कृपेने आपण पळतो!

सिंगापुरात पूर्ण मॅरेथॉन १९८२ पासून आहे. पण घराघरांतून माणसे उतरतात ती सेनेच्या अर्धमॅरेथॉनला. १९९२ पासून ती दरवर्षी ठरलेली. पूर्वी तिच्या नावात शिअर्स पूल होता, आणि खरे आकर्षणही तोच. १९८१ मध्ये खुला झालेला हा द्रुतगती मार्गावरचा पूल एरवी पायी चालणाऱ्याला बंद. वर्षातून एका पहाटे तो पळणाऱ्यांना मोकळा व्हायचा, आणि चढ संपला की सगळे बंदर पायाशी दिसायचे. २०१० पासून नाव बदलून 'बे रन' झाले. आम्हांला जुनेच नाव बरे वाटते. उन्हापायी शर्यत अंधारातच सुटते, तरी उष्माघाताचा धोका टळत नाही. काही वर्षी तरुण धावपटू दगावलेही आहेत. तेव्हा सराव न करता छातीवर क्रमांक लावून उभे राहणाऱ्या आमच्यातल्या शूरांनी हे लक्षात ठेवावे.

शर्यतीचा शेवट अनेक वर्षे पडांगवर होई. पडांग म्हणजे मैदान. १९४३ च्या जुलैत नेताजींनी आझाद हिंद सेनेची पाहणी केली ती याच मैदानावर, आणि त्या सेनेत वरच्या पदावर होते सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले. रस्त्यापलीकडे सेंट अँड्र्यूज चर्च आहे. १८५६ ते १८६१ या काळात ते त्याच कैद्यांनी बांधले. त्याच्या पांढऱ्या गिलाव्यात चुना, अंड्याचा पांढरा बलक आणि साखर आहे. दमून गवतावर आडवे झाल्यावर समोर दिसते ते हे.

सेनेची शर्यत आमच्या काही घरांत आता निराळ्या अर्थाने शिरली आहे. कायम रहिवासी झालेल्यांच्या मुलांना इथे दोन वर्षे सैनिकी सेवा करावी लागते. शाळेत असताना हीच मुले उबीनवर आउटवर्ड बाउंडच्या शिबिराला येतात. ती संस्था १९६७ पासून बेटावर आहे. मग अठराव्या वर्षी केस उतरवतात, आणि एके पहाटे सैनिकी बनियनमध्ये तुकडीबरोबर २१ किलोमीटर पळतात. आई लिंबूपाणी घेऊन कठड्याशी उभी. सेवेला पाठवावे की त्याआधी परत जावे, यावर या घरांत रात्र रात्र बोलणी झाली आहेत. कोणी गेले, कोणी राहिले. राहिलेल्यांना आम्ही शहाणे म्हणत नाही आणि गेलेल्यांना भित्रे म्हणत नाही.

आणखी एक. महागडे बूट नाहीत म्हणून पळत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी. पहिल्या महायुद्धानंतर पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी अनवाणी पळाले. त्यांच्या वेळा पाहून दोराबजी टाटांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ पाठवायचे मनावर घेतले. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. तिथला मार्ग नेहमीपेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरचा. चौगुले सुमारे २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. सदाशिव दातार यांना ती शर्यत पुरी करता आली नाही, पण तेही त्याच रेषेवर उभे होते.

सांगलीच्या आजोबांना हे सगळे आम्ही परतीच्या वाटेवर सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, समोर सेकुडूकडे बोट केले आणि विचारले, "मग तो बेडूक हाच का?" आणि चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले.

शर्यतीआधी आणखी एकदा उबीनला जायचे आहे. ज्यांना यायचे त्यांनी आधी कळवावे. बोट बारा जण झाल्याशिवाय हलत नाही, आणि मागच्या वेळी आपण अकराच होतो.