सामायिक सर्व्हरवरील होम डिरेक्टरींची सुरक्षा

एकाच वेब सर्व्हरवर अनेकांची संकेतस्थळे असताना प्रत्येकाच्या होम डिरेक्टरीतील, म्हणजे त्याच्या खात्याला नेमून दिलेल्या जागेतील, फाइली शेजारच्या खातेदाराला वाचता वा बदलता येऊ नयेत यासाठी केलेली व्यवस्था. मलकापूरसारख्या (जि. कोल्हापूर) छोट्या शहरातील पतसंस्था, शाळा किंवा दुकानदार यांना स्वतंत्र सर्व्हरपेक्षा भाड्याची अशी जागा स्वस्त पडते, मात्र तेथे त्यांच्या फाइली अनोळखी खातेदारांच्या शेजारी राहतात.

परवानग्या : युनिक्स घराण्यातील प्रणालींत प्रत्येक फाइलीसाठी मालक, गट आणि इतर या तीन वर्गांना वाचणे (४), लिहिणे (२) व चालवणे (१) यांची मुभा दिली जाते आणि तिची बेरीज तीन अंकांत लिहितात. डिरेक्टरीच्या बाबतीत चालवणे म्हणजे तिच्यातून पुढे जाणे. म्हणून ७११ ही परवानगी असलेल्या डिरेक्टरीतील यादी इतरांना दिसत नाही, पण नेमका मार्ग ठाऊक असल्यास आतील वाचनीय फाइलीपर्यंत पोहोचता येते. नव्या फाइलीला कोणती मुभा नाकारायची हे यूमास्क ठरवतो : ०२२ असता फाइल ६४४, म्हणजे सर्वांना वाचनीय होते, तर ०२७ असता ६४० होते. उबंटूने २१.०४ या आवृत्तीपासून नव्या होम डिरेक्टरीची परवानगी ७५५ वरून ७५० केली.

कार्यक्रमाची ओळख : केवळ परवानग्या पुरत नाहीत. सर्वांचे पीएचपी कार्यक्रम वेब सर्व्हरच्या एकाच खात्याच्या नावाने चालत असतील, तर त्या खात्याला जे वाचता येते ते कोणत्याही खातेदाराच्या कार्यक्रमाला वाचता येते, आणि वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलीत तर डेटाबेसचा पासवर्ड उघड लिहिलेला असतो. ही उणीव पीएचपीतच भरून काढू पाहणारा ‘सेफ मोड’ ५.४ या आवृत्तीत (२०१२) काढून टाकण्यात आला. खरा उपाय म्हणजे प्रत्येकाचा कार्यक्रम त्याच्याच नावाने चालवणे. अपाची या वेब सर्व्हरमधील सुएक्झेक आणि पीएचपी-एफपीएममधील स्वतंत्र पूल हेच करतात. त्यानंतर कॉन्फिग फाइल ६०० ठेवता येते, आणि अपलोड चालत नाही म्हणून डिरेक्टरी ७७७ करून सर्वांना लिहिण्याची मुभा देण्याची गरज उरत नाही.

सिमलिंक : एखाद्या खातेदाराने स्वतःच्या डिरेक्टरीत दुसऱ्याच्या कॉन्फिग फाइलीकडे नेणारा दुवा साध्या मजकुराच्या नावाने ठेवला, तर वेब सर्व्हर ती फाइल वाचू शकत असल्यास तिचा मजकूर ब्राउझरमध्ये उघड होतो. दुवा व फाइल यांचा मालक एकच आहे का, हे पाहण्याची सोय अपाचीत आहे. परंतु तपासणी व वाचन यांमधील क्षणात दुवा बदलता येत असल्याने तिच्यावर विसंबणे योग्य नाही.

मर्यादा : क्लाउडलिनक्सच्या केजएफएससारख्या प्रणालीत प्रत्येक खातेदाराला फाइल-व्यवस्थेचा स्वतःपुरताच भाग दिसतो. तरीही कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सर्वांना सामाईक असते. तिच्यातील दोषाने मूळ प्रशासकाचे अधिकार कोणाच्या हाती गेले, तर वरील कोणतीच परवानगी लागू राहत नाही, म्हणून प्रणाली वेळेवर अद्ययावत करणे आणि प्रती अन्यत्र राखणे हाही या व्यवस्थेचा भाग ठरतो.