मोबाइलवरच्या राजकीय जाहिरातीचे पैसे कोणी भरले? कसं शोधायचं?

चौकातल्या फ्लेक्सवर निदान ‘शुभेच्छुकां’चे फोटो तरी असतात. बदलापूर लोकलमध्ये रील्स बघताना मध्येच येणाऱ्या राजकीय जाहिरातीमागे कोण आहे, हे मात्र पटकन कळत नाही. ते शोधण्याआधी नियम समजून घेऊ.

छापील प्रचाराचा नियम काय?

लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 127अ नुसार निवडणुकीच्या पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक व प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक आहे. नियम मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि ऑनलाइन?

25 ऑक्टोबर 2013 रोजी केंद्रीय निवडणूक आयोगाने सोशल मीडियावरच्या राजकीय जाहिरातींनाही पूर्वप्रमाणन आणि खर्चाचा हिशेब लागू केला. फेब्रुवारी 2019 पासून फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर अशा जाहिरातींवर ‘पेड फॉर बाय’ ही ओळ दिसू लागली. त्याच सुमारास मतदानाआधीच्या 48 तासांतल्या ऑनलाइन जाहिरातींबाबत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका सुरू होती. मार्च 2019 मध्ये कंपन्यांनी आचारसंहिता स्वीकारली, पण ती ऐच्छिक होती.

मग अडचण कुठे आहे?

‘पेड फॉर बाय’ म्हणजे जाहिरातीचं बिल भरणारा. त्याला पैसे कोणी दिले, हे त्या ओळीत नसतं. पक्षांना 20,000 रुपयांपेक्षा मोठ्या देणग्यांची यादी आयोगाला द्यावी लागते. त्याहून लहान देणग्यांची नावं देण्याचं बंधन नाही. 2018 मध्ये आलेल्या निवडणूक रोख्यांत तर मोठे देणगीदारही लपले होते. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना मतदाराच्या माहितीच्या अधिकाराचा भंग करते, असं सांगून रद्द केली.

आपल्याकडे फरक काय पडतो?

उल्हासनगर आणि अंबरनाथ हे स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ आहेत, बदलापूर मुरबाडमध्ये येतं. 2024 च्या निवडणुकीत इथल्या प्रत्येक उमेदवाराला 40 लाख रुपयांची खर्चमर्यादा होती. पण एखाद्या भलत्याच पेजने त्याचा प्रचार केला आणि तो खर्च हिशेबात आलाच नाही, तर मर्यादा कागदावरच राहते. उमेदवाराच्या परवानगीशिवाय असा खर्च करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 नुसार गुन्हा आहे. दंड फक्त 10,000 रुपयांपर्यंत. पक्षाच्या स्वतःच्या प्रचारखर्चाला तर मर्यादाच नाही.

तुम्ही काय करू शकता?

1. मेटा ॲड लायब्ररी उघडा. देश भारत निवडा, निवडणूक-राजकारण हा प्रकार निवडा आणि पेजचं नाव शोधा.
2. पैसे भरणाऱ्याचं नाव, खर्चाचा अंदाजे आकडा आणि जाहिरात कोणत्या राज्यात, वयोगटात दिसली ते पाहा. ही नोंद सात वर्षं राहते.
3. यूट्यूबवरच्या जाहिरातीसाठी गूगलचं ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटर पाहा.
4. संशय आला तर स्क्रीनशॉट, लिंक आणि तारीख जपून ठेवा. लोकसभा-विधानसभेला सी-व्हिजिल ॲपवर तक्रार करता येते. नगरपरिषद आणि महापालिका निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे जा.

व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हिडिओला मात्र ‘पेड फॉर बाय’ नसतं आणि लायब्ररीही नसते. सोसायटीच्या ग्रुपवर तो पुढे ढकलला, की फुकटातला प्रचारक तुम्हीच होता.