पाटी नव्हती तेव्हाची विद्या

कॉलेजात मी वृत्ते शिकवतो. गण पाडायला सांगितले की घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुले खाली मान घालतात. छंद ही वरच्या आळीची मिरास, असे त्यांना वाटते. विद्यार्थी असताना मलाही तसेच वाटे. मुळशी खोऱ्यातली माझी आजी पहाटे जात्यावर ओव्या गात असे, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची. 'ज्ञानेश्वरी' (१२९०) तिच्यात रचली गेली. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची, शेवटी यमक जुळणारी. ज्यांना लेखणी नाकारली गेली, त्यांची यमक हीच वही होती. पहिली ओळ आठवली की यमक दुसरीला ओढून आणी. अर्धी ओळ पुन्हा घोळवली जाई, तेवढ्यात पुढची सुचे. पुनरावृत्ती म्हणजे विचाराला मिळालेली सवड.

जोतीराव फुल्यांनी ही ताकद ओळखली होती. 'शेतकऱ्याचा आसूड' (१८८३) मधील विद्येवरचे त्यांचे काव्य तपासून पाहा. एका ओळीत जे गमावले, तेच पुढच्या ओळीतल्या हानीचे कारण होते. पहिल्या तीन हानींची नावे आपसात यमक जुळवतात; क्रियापद घणासारखे परत येते. शेवटची ओळ मात्र साचा मोडते आणि अपराध्याचे नाव घेते. अक्षरशत्रू शेतकऱ्यालाही ही कारणमीमांसा ऐकून पाठ व्हावी, अशी ही बांधणी आहे. येथे रूप हाच युक्तिवाद होय.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतून ओव्या गोळा केल्या. पुढे महाराष्ट्रभरच्या त्या संग्रहाने लाखाचा आकडा ओलांडला. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. ज्या बायांना शाळा मिळाली नाही, त्यांनी शिकलेल्या बाबाला ओवीत बसवले. हा आपल्या सामाजिक इतिहासाचा दस्तऐवज नव्हे काय?

माझ्या पाटी-दप्तरावरही आजीने ओव्या जुळवल्या होत्या. मी त्या उतरून घेतल्या नाहीत. मी पुस्तकातले गण पाठ करीत होतो. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आजीही गेली. मला अक्षर मिळाले, पण आजीच्या विद्येला मी विद्या मानले नाही. हीसुद्धा अविद्याच.

आता गण पाडण्याआधी मी मुलांना घरची एक ओवी लिहून आणायला सांगतो.