सी. ए. रिपोर्ट

तेरा-चौदा वर्षांपूर्वी वारसदाखल्याच्या कामासाठी मी जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलो होतो. शेजारी एक हवालदार आणि एक तरुण वकील उभे होते. वकिलाने विचारले, "सीए आला का?" हवालदार म्हणाला, "नाही साहेब, अजून दोन महिने तरी नाही." मी बी.कॉम. होऊन आयुष्यभर हिशेबनिशी केलेला माणूस. माझ्या लेखी सीए म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट. फौजदारी खटल्यात त्याचे काय काम, हे काही केल्या उमगेना. शेवटी विचारलेच. हवालदार हसला आणि म्हणाला, "अहो, केमिकल अ‍ॅनालायझर! व्हिसेरा तपासतात ना, ते."

त्या दिवसापासून या शब्दाच्या मागे लागलो. ना रसायनशास्त्र शिकलेला, ना कायदा. जुने कायदे, निकालपत्रे, ग्रंथालयांतली न्यायवैद्यकाची जीर्ण पुस्तके एवढीच माझी शिदोरी. पोलिसांच्या तोंडी आजही असलेले हे 'सीए' म्हणजे मुंबई सरकारच्या एका जुन्या पदाचे नाव आहे. मद्रासला १८४९, कलकत्त्याला १८५३, आग्र्याला १८६४ आणि मुंबईला १८७० अशा क्रमाने सरकारी रासायनिक प्रयोगशाळा निघाल्या. इतर ठिकाणी त्या अधिकाऱ्याला 'केमिकल एक्झामिनर' म्हणत, मुंबईत 'केमिकल अ‍ॅनालायझर'. नाव वेगळे असले, तरी खुर्ची एकच.

या खुर्चीवर कोण बसे? मुंबईपुरते बोलायचे, तर डॉक्टर. आय. बी. लायन हे मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक होते आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकही. हिंदुस्थानातील न्यायवैद्यकावरचे त्यांचे पुस्तक वकिलांच्या अनेक पिढ्यांनी वापरले. आपली वर्तमानपत्रे अजूनही फॉरेन्सिक प्रयोगशाळेला सर्रास 'न्यायवैद्यक प्रयोगशाळा' म्हणतात. सरकारी नाव मात्र 'न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा' असे आहे. मला पूर्वी ही वर्तमानपत्रांची चूक वाटे. आता वाटते की या चुकीत इतिहास शिल्लक राहिला आहे. ही विद्या आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयाच्या माजघरात वाढली.

लायन यांच्या पिढीपुढचे प्रश्न युरोपच्या पुस्तकांत फारसे नव्हते. सोमल आणि अफू तिकडेही होती. पण वाटसरूला धोतरा घालून लुटणे, किंवा कातड्यासाठी जनावरे मारायला गुंजेच्या बियांच्या पुडीच्या टोकदार सुया करून टोचणे, हे इथले. सोमलासाठी १८३६ पासून मार्शची कसोटी हाताशी होती. गुंजेसाठी तसे काहीच नव्हते. विश्लेषक ते खुर्चीवर बसून शिकला आणि त्याचे सहायक त्याच्या हाताखाली शिकले. गवंड्याचे किंवा सोनाराचे पोर शिकते, तसेच. यात कमीपणा नाही. मी स्वतः हिशेब असाच शिकलो. पण हाताखाली शिकणाऱ्याला गुरूचे हात मिळतात, तशा गुरूच्या खोडीही मिळतात, आणि त्या खोडी आहेत हे सांगणारे तिसरे कोणी नसते.

कायद्याने या खुर्चीवर मोठा भरवसा टाकला. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ५१० पाहा. सरकारी रासायनिक परीक्षकाच्या किंवा त्याच्या सहायकाच्या सहीचा अहवाल खटल्यात पुरावा म्हणून वापरता येईल. सही करणाऱ्याने पिंजऱ्यात यायलाच पाहिजे असे नाही. १९७३च्या संहितेत हेच कलम २९३ झाले. त्यात अधिकाऱ्यांची यादी आहे आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालकही त्या यादीत आहेत. न्यायालयाला वाटले तर ते तज्ज्ञाला बोलावू शकते, पण तो अपवाद. त्या यादीत पदे आहेत, शिक्षणाचा एक शब्दही नाही. कायदा विचारतो, सही कोणत्या खुर्चीची? त्या खुर्चीवरचा माणूस काय शिकला आहे, हा प्रश्न सरकारच्या भरतीच्या नियमांवर सोडलेला.

या व्यवस्थेची खरी परीक्षा पाहायची, तर पुण्याचा लागू खटला वाचावा. शुक्रवार पेठेतल्या लक्ष्मीबाई कर्वे या सधन विधवा १२ नोव्हेंबर १९५६च्या रात्री डॉ. अनंत चिंतामण लागू यांच्याबरोबर पुण्याहून मुंबईच्या गाडीत बसल्या. पहाटे गाडी बोरीबंदरला पोचली, तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. जी. टी. रुग्णालयात त्याच दिवशी दुपारपूर्वी त्यांचा मृत्यू झाला. रुग्णालयात त्यांचे नाव खोटे लिहवले गेले. प्रेत बेवारस म्हणून पडून राहिले. शवविच्छेदन झाले ते २३ नोव्हेंबरला. पुढे त्यांच्या नातलगांना आणि ओळखीच्यांना पत्रे येऊ लागली की, त्यांनी पुन्हा लग्न केले आहे आणि त्या दूर राजस्थानात सुखात आहेत. ती सगळी बनावट निघाली. दरम्यान त्यांची मालमत्ता डॉक्टरांच्या हाती जात होती.

आणि सी. ए. रिपोर्ट? विष आढळले नाही.

पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने अपील फेटाळले. बहुमताचा निकाल न्या. हिदायतुल्ला यांचा. त्याचे सार असे की, काही विषे प्रयोगशाळेत सापडत नाहीत, कुजलेल्या प्रेतात तर नाहीतच. म्हणून परिस्थितीजन्य पुरावा पुरेसा भक्कम असेल तर विष न सापडताही दोष सिद्ध होतो. न्या. सरकार यांचे मत वेगळे पडले. त्यांच्या मते मृत्यू विषाने झाला हेच सिद्ध झाले नव्हते.

मला निकाल योग्य वाटतो. आरोपीचे मृत्यूनंतरचे वागणे वाचून दुसरे काही वाटणे अवघड आहे. पण वकील मंडळी या निकालाकडे परिस्थितीजन्य पुराव्याचा दाखला म्हणून पाहतात, तर माझे मन त्या 'आढळले नाही'पाशी अडकून राहते. या दोन शब्दांत किमान तीन अर्थ दडलेले असतात: विष नव्हते, होते, पण दहा दिवसांत नाहीसे झाले, किंवा होते, पण आपल्या कसोट्या त्याच्यापर्यंत पोचत नव्हत्या. यांतला कोणता अर्थ लागू पडतो, हे कोणी सांगायचे? हातोटीने पृथक्करण करणारा माणूस सांगेलच असे नाही. त्यासाठी कसोटीची मर्यादा, चुकण्याचे प्रमाण, नमुना कसा नासतो, न्यायालयात शब्दाला काय वजन येते, हे सगळे एकत्र शिकलेला माणूस लागतो.

असे एकत्र शिकवण्याची कल्पना युरोपात तेव्हा जुनी झाली होती. आर्किबाल्ड राइस या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान विद्यापीठात या विद्येची स्वतंत्र संस्था काढली. आपल्याकडे विद्यापीठाचा पहिला विभाग निघाला तो सागरला, १९५९ मध्ये. लागू खटल्याचा निकाल लागला त्याच साली. गोविंदपंत बुंदेल्यांचे सागर ते हेच. तिथले विद्यापीठ १९४६ मध्ये सर हरिसिंग गौर यांनी आपल्या कमाईतून उभे केले, आणि गौर हे भारतीय दंडसंहितेवर मोठे भाष्य लिहिणारे वकील. फौजदारी वकिलाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या विद्यापीठात ही विद्या आधी रुजावी, याची मला मोठी गंमत वाटते. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद येथे शासकीय संस्था निघाल्या त्या २०००नंतर. म्हणजे १८७०च्या खुर्चीला साजेसे शिक्षण या राज्यात मिळायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला.

मात्र पदवी आली की सगळे आले, असे मानणाऱ्याने बोस्टनची हकीकत वाचावी. सही पुरे की माणूस हवा, हा आपल्या कलम २९३चाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मॅसॅच्युसेट्स राज्याच्या एका खटल्यात आला. जून २००९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरले की, विश्लेषकाचे प्रमाणपत्र पुरे नाही, उलटतपासणीला माणूस आला पाहिजे. त्याच राज्याच्या सरकारी प्रयोगशाळेत अ‍ॅनी डूकन ही रसायनतज्ज्ञ अमली पदार्थ तपासत होती. इतरांच्या कितीतरी पट नमुने ती उरकायची आणि वरिष्ठांना तिचे कौतुक होते. पुढे उघड झाले की, कित्येक नमुने ती नुसते डोळ्यांनी पाहून ठरवत होती. आणि साक्षीच्या पिंजऱ्यात शपथेवर सांगितलेली तिची एम.एस्सी.ची पदवी अस्तित्वातच नव्हती. प्रयोगशाळा २०१२ मध्ये बंद झाली. २०१७ मध्ये एकवीस हजारांहून अधिक खटले एका फटक्यात रद्द करावे लागले.

डूकनला ती पदवी कशाला हवी होती? नमुने उरकण्यासाठी नक्कीच नाही. पिंजऱ्यातल्या वजनासाठी आणि वर चढण्यासाठी. मला तिच्याहून तिच्या वरिष्ठांचा राग अधिक येतो. इतके नमुने एका हातून कसे होतात, हा हिशेब आमच्या पेढीतल्या नव्या कारकुनानेही मांडला असता. एक फोन केला असता तर पदवीचेही कळले असते. प्रयोगशाळेचे प्रमुखपद म्हणजे निवृत्तीजवळचा मान समजला जातो. पण आपल्याच हुशार माणसाच्या कामाचा संशय घेता येणे, ही त्या पदाची खरी विद्या आहे, आणि ती हाताखाली शिकून येत नाही. कारण तिथे ज्याच्यावर संशय घ्यायचा, तोच गुरू असतो.

हे सगळे आता आपल्या दाराशी आले आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ने, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञाने जाणे बंधनकारक केले आहे. राज्यांना तयारीसाठी मुदत आहे. पण इतकी माणसे लागणार, म्हणजे त्यांच्यावर देखरेख करणारीही तितक्याच प्रमाणात लागणार. जुने कलम २९३ मात्र नव्या संहितेत ३२९ होऊन आले आहे, आणि पदांची यादी अजून पदांचीच आहे.

माझी भाची या विषयात एम.एस्सी. करते आहे. दिवाळीला आली, तेव्हा तिचा प्रश्न सरळ होता, "मामा, नोकरी लागेल, पण पुढे काय? वर जायला काय करावे लागते?" मी तिला लागू खटल्याच्या निकालाची झेरॉक्स दिली. दोन दिवसांनी ती परत आली. रासायनिक तपासणीच्या परिच्छेदाशेजारी समासात तिने पेन्सिलीने लिहिले होते: "कोणकोणत्या विषांसाठी तपासले? किती कमी असले तर सापडलेच नसते?"