जन्म आणि संस्कार : व्हूपिंग क्रौंचाच्या पुनर्वसनाचा इतिहास

पक्ष्यास त्याच्या आवाजावरून नाव देण्याची प्रथा अनेक भाषांत आढळते. संस्कृतातील ‘क्रौंच’ हा शब्द ध्वन्यनुकारी आहे. ग्रीक ‘गेरानोस’, लॅटिन ‘ग्रुस’ व इंग्रजी ‘क्रेन’ हे तीनही शब्द कर्कश ओरडणे ह्या अर्थाच्या एकाच प्राचीन भारोपीय धातूशी जोडले जातात. उत्तर अमेरिकेतील सर्वांत उंच पक्षी ह्याच कुलातील. सुमारे दीड मीटर उंची, शुभ्र पिसारा, पंखांची टोके काळी आणि माथा तांबडा, असे त्याचे रूप आहे. परंतु वसाहतवाल्यांनी त्याचे नाव ठेवताना रूपाकडे न पाहता आवाजाकडेच लक्ष दिले व त्यास ‘व्हूपिंग’, म्हणजे आरोळी देणारा, असे म्हटले. ही आरोळी १९४१ साली कायमची थांबण्याच्या बेतात होती. ती थांबू नये म्हणून पुढील पाऊणशे वर्षांत जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास प्राणिशास्त्राइतकाच परंपरेच्या अभ्यासकासही विचार करावयास लावणारा आहे. पक्ष्यास कोणती गोष्ट जन्माने मिळते व कोणती संस्काराने, हा प्रश्न ह्या प्रयत्नांच्या मुळाशी सतत उभा राहिलेला दिसतो.

१. ऱ्हास

ह्या पक्ष्याची संख्या पूर्वीही फार मोठी नव्हती. रॉबर्ट पोर्टर ॲलन ह्यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात, १८६० ते १८७० च्या सुमारास ती १३०० ते १४०० असावी असा अंदाज केला आहे. त्यानंतर गवताळ प्रदेश नांगराखाली आले, दलदली उपसून कोरड्या करण्यात आल्या, शिकार चालू राहिली आणि पक्षी जसजसा दुर्मिळ झाला तसतशी त्याच्या अंड्यांना संग्राहकांकडून मागणी वाढली. अमेरिका व कॅनडाच्या वतीने ब्रिटन ह्यांच्यात १९१६ साली स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणाचा करार झाला व १९१८ साली अमेरिकेने त्यास अनुसरून कायदा केला. १९३७ च्या अखेरीस टेक्सासच्या किनाऱ्यावर आरान्सास येथे अभयारण्य स्थापन झाले. तथापि १९४१ पर्यंत सारे मिळून सुमारे २१ पक्षी उरले होते. त्यांपैकी सहा लुइझियानात होते. हा तेथील स्थायिक थवा. १९४० च्या वादळी पुरात तो १३ वरून सहांवर आला आणि १९५० साली त्यातील अखेरचा पक्षी पकडून आरान्सासला नेण्यात आला. उरलेला थवा हिवाळा आरान्सासला काढी आणि वसंतात उत्तरेकडे निघून जाई. तो कोठे जातो हे मात्र कोणास ठाऊक नव्हते. ॲलन ह्यांनी त्यासाठी अनेक वर्षे शोध केला. अखेर १९५४ साली कॅनडाच्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानातील वणव्याच्या पाहणीहून परतणाऱ्या हेलिकॉप्टरमधून हे पक्षी पिलासह अकस्मात दृष्टीस पडले. हिवाळ्याचे स्थान व विणीचे स्थान ह्यांमधील अंतर सुमारे ४००० किलोमीटर असल्याचे तेव्हा स्पष्ट झाले.

हे अंतर पिलू एकदाच, आपल्या पहिल्या शरद ऋतूत, आईबापांच्या सोबतीने कापते आणि त्यानंतर ते आयुष्यभर लक्षात ठेवते. ही गोष्ट त्या वेळी साधी निरीक्षणाची बाब वाटली. तिचे खरे महत्त्व पुढे कळावयाचे होते.

२. दुसरे अंडे

क्रौंचाची मादी बहुधा दोन अंडी घालते. परंतु त्यांतून सामान्यतः एकच पिलू मोठे होते. तेव्हा दुसरे अंडे उचलले तर थव्याची हानी होणार नाही आणि बंदिवासात नवी पिढी वाढविता येईल, असा विचार पुढे आला. वन्य पक्ष्यास पिंजऱ्यात घालण्यास विरोध करणारेही होतेच. त्यांचे म्हणणे असे, की पिंजऱ्यात वाचलेला पक्षी हा त्या जातीचा नमुना ठरेल, जात वाचली असे ठरणार नाही. ह्या आक्षेपात तथ्य होते हे पुढील इतिहासाने दाखविले. परंतु पन्नासही पक्षी शिल्लक नसताना केवळ वाट पाहणेही धोक्याचे होते.

१९६७ साली कॅनडाच्या वन्यजीव सेवेतील अर्नी कुइट ह्यांनी वुड बफेलोच्या घरट्यांतून अंडी उचलली. दलदल तुडवीत घरट्यापासून हेलिकॉप्टरपर्यंत अंडे उबदार राहावे म्हणून त्यांनी ते लोकरी मोज्यात घालून नेले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. ही अंडी मेरिलंडमधील पटक्सेंट संशोधन केंद्रात पोहोचली. तेथे वाढलेल्या पक्ष्यांनी १९७५ मध्ये प्रथम अंडी घातली. अंडे उबविणे आणि पिलू जगविणे ह्या दोन गोष्टी यंत्राने व माणसाने साधल्या. प्रश्न उरला तो तिसऱ्या गोष्टीचा : पिलास क्रौंच कोण करणार?

३. माणूस व परका पालक

अंड्यातून बाहेर पडल्यावर प्रथम जो सांभाळ करतो त्याचा पिलाच्या मनावर न पुसणारा ठसा उमटतो, हे कोनराड लोरेन्झ ह्यांनी १९३५ साली हंसकुलातील पक्ष्यांवरून मांडले होते. ह्या सिद्धान्ताचे एक करुण उदाहरण टेक्स नावाच्या मादीच्या रूपाने समोर आले. टेक्सासमधील प्राणिसंग्रहालयात माणसांच्या हातून वाढलेली ही मादी क्रौंच नराकडे ढुंकूनही पाहात नसे. तिला जोडीदार हवा होता तो माणूस. विस्कॉन्सिनमधील बाराबू येथे १९७३ साली रॉन सावी ह्यांच्यासह आंतरराष्ट्रीय क्रौंच प्रतिष्ठान स्थापन करणारे जॉर्ज आर्चिबाल्ड ह्यांनी टेक्सच्या सहवासात राहून क्रौंचांच्या प्रणयनृत्याचे अनुकरण केले व कृत्रिम रेतनाच्या साह्याने तिच्याकडून फलित अंडे मिळविले. १९८२ साली त्यातून पिलू जन्मले. त्याच वर्षी रॅकून ह्या श्वापदाने टेक्सला मारले. आर्चिबाल्ड ह्यांचा डॉक्टरेटचा विषय क्रौंचांचे द्वंद्वगान, म्हणजे नरमादीने एकत्र घातलेली साद, हा होता. जोडी जुळणे व टिकणे ह्यांत त्या सादेचे स्थान काय, हे ते पूर्णपणे जाणून होते. ज्याला ती साद माणसाकडूनच हवी असते, तो पक्षी देहाने क्रौंच असूनही त्याची जात त्याच्यात पुढे चालू राहात नाही, हे टेक्सच्या कहाणीचे तात्पर्य होय.

माणूस पालक होऊ शकत नसेल तर जवळच्या जातीचा पक्षी होऊ शकेल काय? १९७५ साली आयडाहोमधील ग्रेज लेक येथे ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आरंभ झाला. व्हूपिंग क्रौंचाची अंडी सँडहिल क्रौंचाच्या घरट्यांत ठेवण्यात आली. सँडहिल पालकांनी ती उबविली, पिले वाढविली आणि शरद ऋतूत न्यू मेक्सिकोपर्यंत आपल्याबरोबर नेली. मार्ग शिकविण्याचे काम बिनबोभाट पार पडले. सुमारे १४ वर्षांत २८९ अंडी तेथे ठेवण्यात आली व ८५ पिले उडू लागली. परंतु वयात आल्यावर त्यांनी आपसांत एकही जोडी जमविली नाही. परक्या घरात वाढलेल्या ह्या पक्ष्यांना आपली जात ओळखताच येत नव्हती. प्रयोग थांबविण्यात आला आणि त्या थव्यातील शेवटचा पक्षी २००२ पर्यंत नाहीसा झाला. टेक्सच्या बाबतीत मार्गही शिकविला गेला नव्हता व जोडीदाराची ओळखही. ग्रेज लेकला मार्ग मिळाला, ओळख मिळाली नाही. ह्यावरून एवढे सिद्ध झाले, की वंशपरंपरेने आलेल्या म्हणून ज्या गोष्टी गृहीत धरल्या होत्या त्यांपैकी निदान दोन ह्या शिक्षणाच्या गोष्टी होत्या, आणि त्या एकाच शिक्षकाकडून मिळतील अशी खात्री नव्हती.

४. मूक पालक

ह्या अनुभवानंतर माणसाने स्वतःस लपविण्याची पद्धत निघाली. रॉबर्ट हॉर्विच ह्यांनी १९८० नंतरच्या दशकात बाराबू येथे सँडहिल पिलांवर तिचा प्रयोग केला. सांभाळ करणारा अंगभर सैल झगा घाली, तोंड झाकी आणि एका हातात क्रौंचाच्या डोक्यासारखी केलेली बाहुली धरी. ही बाहुली चोचीने अन्न टिपून दाखवी. पिलू तिचे अनुकरण करी. झगा घातलेल्याने पिलाजवळ एक शब्दही उच्चारावयाचा नाही, हा नियम कटाक्षाने पाळला जाई. बोलाविण्यासाठी प्रौढ क्रौंचाचा मुद्रित आवाज वाजविला जाई. पिलास मानवी भाषेपासून दूर ठेवून त्याची स्वतःची भाषा त्यास ऐकविणे, हेच ह्या पद्धतीचे सूत्र होते.

१९९३ पासून अशा पद्धतीने वाढविलेले पक्षी फ्लोरिडातील किसिमी प्रदेशात सोडण्यात आले. स्थलांतर न करणारा थवा निर्माण करणे हा हेतू असल्यामुळे मार्ग शिकविण्याचा प्रश्न तेथे टाळता आला. सुमारे १२ वर्षांत २८९ पक्षी सोडले गेले. २००२ साली तेथे वन्य स्थितीत जन्मलेले पहिले पिलू उडू लागले. परंतु बॉबकॅट नावाच्या रानमांजराने अनेक पक्षी मारले, अवर्षणाने विणीत अडथळा आणला आणि थवा स्वबळावर टिकेना. हाही प्रयत्न सोडून द्यावा लागला.

५. आकाशातील मार्गदर्शक

कॅनडातील शिल्पकार बिल लिशमन ह्यांनी १९८८ साली अतिहलक्या विमानामागे हंसजातीय पक्ष्यांना उडविले आणि १९९३ मध्ये जो डफ ह्यांच्या सहकार्याने त्यांना ऑन्टारिओपासून व्हर्जिनियापर्यंत नेले. क्रौंचांस मार्ग शिकविण्याचे साधन ह्यातून मिळाले. २००१ साली विस्कॉन्सिनमधील नेसेडा अभयारण्यातून फ्लोरिडातील चासाहोवित्स्का अभयारण्यापर्यंत, म्हणजे सुमारे १९०० किलोमीटर, व्हूपिंग क्रौंचांची पहिली तुकडी विमानामागून गेली. तयारी अंड्यापासूनच होत असे. उबवणी यंत्रातील अंड्यांस विमानाच्या इंजिनाचा आवाज ऐकवीत. पुढे झगा घातलेला मूक पालक जमिनीवर फिरणाऱ्या विमानामागे पिलांस चालवी. निघालेल्या आठ पक्ष्यांपैकी सात फ्लोरिडास पोहोचले आणि पुढच्या वसंतात त्यांतील पाच कोणाच्याही मदतीवाचून विस्कॉन्सिनला परत आले. मार्ग एकदाच दाखवावा लागतो, ही गोष्ट प्रत्यक्ष सिद्ध झाली.

परंतु ह्याही यशास मर्यादा पडल्या. फेब्रुवारी २००७ मध्ये फ्लोरिडातील वादळात त्या वर्षीच्या १८ पक्ष्यांपैकी १७ मृत्यू पावले. जे पक्षी वयात आले त्यांच्या जोड्या जमल्या आणि घरटीही झाली. २००६ साली त्या भागात शतकाहून अधिक काळाने वन्य पिले जन्मली. तथापि अनेक जोड्यांनी घरटी अर्ध्यावर सोडून दिली. घरट्याभोवती घोंगावणाऱ्या रक्तशोषक काळ्या माश्या हे त्याचे एक प्रमुख कारण ठरले. बंदिवासातील संगोपनामुळे पालकत्वाच्या शिक्षणात उणीव राहते की काय, अशीही शंका घेण्यात आली. शेवटी २०१६ च्या प्रारंभी अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने विमानाचा उपयोग थांबविण्याचे ठरविले. पिलांस प्रौढ क्रौंचांकडूनच वाढवून घेऊन शरद ऋतूत वन्य पक्ष्यांच्या सान्निध्यात सोडण्याच्या पद्धतीवर भर देण्यात आला. विमान चालविणारी संस्था २०१८ साली विसर्जित झाली.

ह्या निर्णयामागील विचारास शास्त्रीय आधारही मिळाला होता. विस्कॉन्सिनच्या थव्याच्या नोंदी तपासून टॉमस म्यूलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखविले, की थव्यात एक वडीलधारा पक्षी असला तरी सर्वांचाच मार्ग अधिक सरळ होतो. सात वर्षांचा पक्षी असलेला थवा एक वर्षाच्या पक्ष्यांच्या थव्यापेक्षा सरळ मार्गापासून ३८ टक्के कमी भरकटतो. विमानाने मार्गाचा आरंभ करून दिला खरा. पण त्यातील कौशल्य ज्येष्ठांच्या सहवासातूनच वाढत गेले.

६. निष्कर्ष

२०११ पासून लुइझियानात पुन्हा पक्षी सोडण्यास सुरुवात झाली आणि २०१६ साली, १९३९ नंतर प्रथमच, त्या राज्यात वन्य पिलू जन्मले. तरीही ह्या साऱ्या खटाटोपाचा ताळेबंद मांडला तर एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. स्वबळावर वाढणारा थवा आजही एकच आहे. आणि तो म्हणजे आरान्सास व वुड बफेलो ह्यांच्यामध्ये ये-जा करणारा मूळचा थवा. त्याची संख्या आता ५०० च्या वर गेली आहे. त्यास कोणी मार्ग शिकविला नाही; त्याचे स्थान राखले, शिकार थांबविली, एवढेच केले. बाकीचे ज्येष्ठांनी कनिष्ठांस दिले.

भारतातील एका उदाहरणाने ह्याची दुसरी बाजू स्पष्ट होते. सैबेरियन क्रौंच हिवाळ्यात राजस्थानातील भरतपूरला येत. २००१–०२ च्या हिवाळ्यानंतर ते तेथे आले नाहीत. ती जात पूर्व आशियात अद्याप जिवंत आहे. परंतु भरतपूरचा मार्ग जाणणारा पक्षीच उरला नाही. देहाने जात जगली, पण तिची एक परंपरा लुप्त झाली. भाषेच्या बाबतीत अभ्यासकांस परिचित असलेली हीच घटना होय : बोलणाऱ्यांचे वंशज असतात, बोली मात्र शेवटच्या ज्येष्ठाबरोबर जाते.

ह्यावरून माणसाचे प्रयत्न व्यर्थ होते असे अनुमान काढणे अन्यायाचे ठरेल. बंदिवासातील पक्ष्यांमुळे, एखाद्या वादळाने वा रोगाने मूळ थवा नष्ट झाला असता तरी जात राहिली असती. पिलास काय शिकवावे लागते हेही त्या प्रयत्नांच्या अपयशातूनच कळले. टेक्स व ग्रेज लेक ह्यांच्यावाचून झग्याची पद्धत निघाली नसती आणि विमानावाचून ज्येष्ठ पक्ष्याचे मोल मोजता आले नसते. प्रत्येक टप्प्यावर माणसाने स्वतःस थोडे अधिक मागे घेतले : प्रथम तो पिलाचा सोबती झाला, मग मूक झगा झाला, मग दूरचे इंजिन, आणि शेवटी पिलास त्याच्या आईबापांच्या स्वाधीन करणारा. संगोपनाच्या ह्या इतिहासात प्रगती म्हणतात ती बहुतांशी ह्या माघारीचीच आहे.