भिंत पाझरली की मोरी तुंबली?

परवा दादरच्या एका दवाखान्यात आईच्या डोळ्यांचं ओसीटी स्कॅन झालं. तिला काचबिंदू आहे, रोज रात्री एक थेंब, एवढंच औषध. या वेळी रिपोर्टच्या तळाशी एक ओळ होती: कोरॉइडची जाडी कमी. झालं! लालबागच्या आमच्या मजल्यावर बातमी पसरली. "रक्तपुरवठाच कमी आहे, मग थेंबाचा काय उपयोग? रक्ताच्या गोळ्या घ्या," असं शेजारच्या काकूंनी सांगितलं आणि आईने दोन रात्री थेंब घातलाच नाही. म्हणून हा शनिवार कोरॉइडच्या मागे गेला.

कोरॉइड म्हणजे रंजितपटल. डोळ्याची बाहेरची पांढरी भिंत आणि आतला दृष्टिपटल यांच्या मधला, रक्तवाहिन्यांनी भरलेला थर. जाडी जेमतेम पाव मिलिमीटर, पण डोळ्यातलं बहुतेक रक्त इथूनच वाहतं. आणि गंमत म्हणजे काचबिंदूच्या खटल्यात हा जुना आरोपी आहे.

१८५१ साली हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत बघायचं यंत्र जगापुढे आणलं. (आपलं ग्रँट मेडिकल कॉलेज त्याच्याही सहा वर्षं आधीचं, १८४५ चं.) बर्लिनच्या अल्ब्रेख्त फॉन ग्रेफेने ते यंत्र लावून काचबिंदूचे डोळे पाहिले. आतल्या नसेचं टोक त्याला आधी फुगलेलं वाटलं, मग लक्षात आलं की ते खोलगट आहे. दाब का वाढतो? त्याचं उत्तर: कोरॉइडला सूज येते, त्यातून पाणी पाझरतं. म्हणजे पावसाळ्यातली चाळीची भिंत! १८५७ साली त्याने जाहीर केलं की बुबुळातल्या रंगीत पडद्याचा तुकडा कापला की दाब उतरतो. अचानक दाब चढून दुखणारा डोळा तोवर गेल्यातच जमा असायचा, तो आता वाचू लागला. निदान चुकलेलं, पॅच मात्र चालला... आमच्या धंद्यात हे नवीन नाही.

त्याच काळातले आपल्याकडचे सर कावसजी जहांगीर रेडीमनी (१८१२–७८). भायखळ्याला जेजेच्या आवारातलं डोळ्यांचं रुग्णालय त्यांच्या नावाचं. फोर्टातलं विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृहही त्यांच्याच देणगीचं. आडनाव खरंच रेडीमनी, आणि माणूस नावाला जागला. असो.

१८७६ मध्ये माक्स क्नीस आणि १८७७ मध्ये आडोल्फ वेबर यांनी काचबिंदूमुळे काढून टाकलेले डोळे तपासले. डोळ्यात पुढच्या बाजूला पाणी सतत तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यातून निचरा होतो. तो कोपराच बंद झालेला! भिंत पाझरत नव्हती, मोरी तुंबली होती. पुढे १९३८ मध्ये बार्कनने दोन प्रकार वेगळे केले: एकात मोरीचं तोंडच बंद, दुसऱ्यात तोंड उघडं पण आतल्या जाळीत पाणी अडतं. आईचा हा दुसरा.

कोरॉइड सुटला, पण त्याची नीट तपासणी झालीच नव्हती. मेल्यावर त्यातलं रक्त निघून जातं आणि थर चपटा होतो, मग सूक्ष्मदर्शकाखाली खरी जाडी कळणार कशी? १९९१ मध्ये ओसीटी आलं, तेही दृष्टिपटलापलीकडे अंधुक. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड स्पेड यांनी नुसतं यंत्र डोळ्याच्या आणखी जवळ नेलं. चित्र उलटं पडलं आणि सगळ्यात स्पष्ट भाग खोलवर, कोरॉइडवर आला. नवीन हार्डवेअर नाही, काही नाही. असला हॅक मला आयुष्यात एकदा सुचला तरी पुरे!

मग मोजमापांचा पाऊस पडला. आईच्या प्रकारात कोरॉइड निरोगी डोळ्यांपेक्षा पातळ असतोच, असं काही ठामपणे निघालं नाही. वयाने तो पातळ होतो, मायनस नंबर असला तरी होतो, एका दिवसातही कमीजास्त होतो. आईला कॉलेजपासून जाड चष्मा आणि आता सत्तरी उलटलेली. उलट मोरीचं तोंड बंद होणाऱ्या प्रकारात कोरॉइड जास्त जाड सापडला. हॅरी क्विग्ली यांनी २००३ मध्येच मांडलं होतं की तो फुगून पुढचं सगळं रेटत असावा आणि कोपरा दाबला जात असावा. म्हणजे ग्रेफे अगदीच चुकला नव्हता म्हणायचा.

थेंबांचं काय? २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये इंग्लंडची चाचणी छापून आली. रुग्ण ५१६, सगळे आईच्याच प्रकारचे. निम्म्यांना लॅटानोप्रोस्ट, निम्म्यांना औषध नसलेले थेंब. दोन वर्षांत नजरेचं क्षेत्र घटलं ते औषधवाल्यांत १५.२ टक्के लोकांचं, दुसऱ्या गटात २५.६ टक्के. आणि गेलेली नजर परत येत नाही.

रविवारी सकाळी आईला कागदावर चित्र काढून सांगितलं. भिंत, मोरी, जाळी. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले थेंब चालूच ठेवा, त्या ओळीचं मनावर घेऊ नका. रात्री नऊला तिने थेंब घातला. सख्ख्या नात्यात काचबिंदू असला की आपल्यालाही धोका जास्त, म्हणून मी आणि ताईने पुढच्या शनिवारची वेळ घेतली आहे. माझ्या रिपोर्टची शेवटची ओळ मात्र काकूंना दाखवणार नाही :)